तिसऱ्या सिलिंडरच्या मागावर, घोडबंदर ते कल्याण

या प्रवासाला मी निघाले ती संतापून आणि परत आले तीही संतापूनच. मधल्या काळात कुणावर संतापायचं तेवढं बदलत गेलं. ठाणे ते कल्याण हे काही कुणी प्रवासवर्णन लिहावं असं अंतर नव्हे, हे मलाही कळतं. पण माझ्या ओळखीतली माणसं एका आठवड्यात सगळा युरोप उरकून येतात आणि त्यांना तिथे एकही माणूस धड भेटलेला नसतो. मला याच रस्त्यावर गॅरेजागणिक निराळी माणसं भेटली आणि प्रत्येकाने माझा निराळ्या पद्धतीने अपमान केला. ज्यांच्यावर ही पाळी अजून आलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी गाडीबद्दल सांगते. दिसायला ती साधी आहे. पांढरी, लहान, पेट्रोलची, कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते तशी. पण बॉनेटखाली कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठा टर्बो आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. त्याच्या जोडीला मी गाडीच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग बदलून घेतलं आणि इंजिनावरचं काळं प्लास्टिकचं झाकण काढून माळ्यावर टाकलं. त्याच्याखालच्या चार लालभडक कॉइल, म्हणजे प्लगना ठिणगीसाठी वीज देणारे भाग, ओळीने दिसावेत म्हणून. शिक्षण, नोकरी, लग्न, घर, सगळं मी चार जणांना विचारून केलं. ही एकच गोष्ट कुणालाही न विचारता केली. म्हणून तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं.

सगळ्यात वाकडं बोलत माझे बाबा. बोलत म्हणजे खरं तर बोलतच नसत. ते डोंबिवलीला मानपाड्याजवळ राहतात, तिथल्याच एमआयडीसीतल्या एका कंपनीतून फोरमन म्हणून निवृत्त झाले. टर्बो हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ‘ते’ म्हणत. ‘ते’ बसवल्यापासून माझ्या गाडीत एकदाही बसले नव्हते. दसऱ्याला मी माहेरी गेलेले तेव्हा त्यांनी स्वतःच्या स्कूटरला हार घातला, आणि निघताना खाली येऊन बघते तो माझ्या गाडीच्या नंबरप्लेटवरही झेंडूचा हार! “एक उरला होता,” बाबा दुसरीकडे बघत म्हणाले. तेवढ्यावर मी दिवसभर खूश होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना कल्याण-शीळ रस्त्यावर मी एका कंटेनरला ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने ऐनवेळी उचकी दिली. एक, दोन, मग धडाधड झटके, आणि ताकद गायब. मागून हॉर्न, शेजारी कंटेनरची चाकं आणि आईने दोन्ही हातांनी कवटाळलेली पर्स. कशीबशी डावीकडे आले. घरी आईने ही हकीकत अशी सांगितली की तो कंटेनर आमच्या बिल्डिंगएवढा झाला होता.

बाबांनी पेपर खाली ठेवला. “रविवारपर्यंत कारण शोध. नाही सापडलं तर ते काढून टाकायचं. शब्द दे.”

मी दिला. आमच्या घरात बाबांना दिलेला शब्द परत घेता येत नाही.

घोडबंदर रोड

मी राहते घोडबंदर रोडला, त्यामुळे प्रवासाची सुरुवात घरासमोरच्या वाहतूककोंडीतच झाली. उजवीकडे येऊरचे डोंगर हिरवेगार, डावीकडे टॉवरमागून खाडीची एखादी चमकती पट्टी, आणि मध्ये मेट्रोच्या खांबांच्या सावलीत आम्ही सगळे बंपरला बंपर लावून उभे. इथे मोठ्या टर्बोचा काय उपयोग, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. कोंडीत सापडलेल्या बाईला विचारण्याचा हा प्रश्न नव्हे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एसी, सोफा आणि मशीनची कॉफी होती. त्या कॉफीला पुठ्ठ्याची चव होती. टाय लावलेल्या सल्लागाराने माझ्या मागे वाकून पाहिलं.

“मॅम, सर नाही आले?”

“सरांना गाडी चालवता येत नाही,” मी म्हटलं. ते खरं आहे. माझा नवरा मिलिंद स्टिअरिंगला हात लावत नाही.

त्याने बॉनेट उघडलं आणि दुसऱ्याची बाथरूम चुकून उघडावी तसं लगेच बंद केलं. “मॅम, हे मॉडिफाइड आहे.”

“हो. आणि मिसिंग मारतेय. ते बघा.”

“मॅम, सिस्टममध्ये असा ऑप्शनच येत नाही.”

मी जागची हलले नाही. शेवटी त्याने स्कॅनर लावला. मिसिंग तिसऱ्या सिलिंडरमध्ये आहे, एवढं यंत्राने सांगितलं. म्हणजे चारपैकी एका सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेवर पेटत नव्हतं. का पेटत नाही, हे शोधायचं सोडून त्याने वायर गुंडाळली. “तुम्ही आधी गाडी ओरिजिनल करून आणा, मॅम. मग आपण नक्की बघू.”

“म्हणजे पेशंटने आधी बरं व्हायचं आणि मग दवाखान्यात यायचं?”

तो हसला. गाडीची काच मात्र चकचकीत पुसून दिली आणि फीडबॅकचा फोन आला तर चांगलं सांगा, अशी विनंतीही केली. फोन आला. मी काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वागळे इस्टेट

माझ्या गाडीचं सगळं मॉडिफिकेशन ग्लेनने केलं आहे. त्याचं कुटुंब इथल्या जुन्या ख्रिस्ती शेतकऱ्यांपैकी. आज जिथे टॉवर आहेत तिथे त्याच्या आजोबांची भातशेती होती. वागळेतल्या एका गाळ्यात तो असल्या गाड्या करतो. माणूस लाखमोलाचा, पण त्याच्या कामावर शंका घेतली की संपलं.

लॅपटॉप मांडीवर घेऊन तो शेजारी बसला आणि आम्ही हायवेला गेलो. हळू चालवली तर गाडी शहाण्यासारखी चालायची. जोरात दाबली, टर्बोने हवा कोंबायला सुरुवात केली, की उचकी.

“बघ, बूस्ट चढला की थ्री गेला,” ग्लेन स्क्रीनवर बोट आपटत म्हणाला. “वैशाली, फ्युएल कमी पडतंय. मोठा पंप टाकू.”

“आजवर पडत नव्हतं ते आत्ताच कमी पडायला लागलं? प्लग बघू या का?”

“प्लग मी टाकलेत. दसऱ्याच्या आधी. माझ्या प्लगवर डाउट खाते तू?”

“कॉइल?”

“अरे यार, नवीन आहेत!”

प्लगच्या टोकाशी ठिणगीसाठी जी फट असते, ती टर्बोच्या गाडीत नेहमीपेक्षा कमी ठेवावी लागते. ती ग्लेनने स्वतः मोजून ठेवली होती. मलाही ते पटलं. नव्या वस्तूवर संशय घेऊ नये, एवढं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्याने बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, थोडा उतरवून दिला. उचकी थोडी उशिरा येऊ लागली, इतकंच.

खरं तर मी त्याच्यावर चांगली भडकणार होते. पण त्याच्या आईने डब्यात फुगे दिले होते. फुगे म्हणजे ताडीत आंबवलेल्या पिठाचे तळलेले मऊ गोळे. बरोबर नारळाचा लालभडक कोंबडीचा रस्सा. आमच्याकडे कामाला आलेल्या माणसाला चहावर कटवतात, इथे गिऱ्हाइकाला ताटात वाढून बसवलं. पोट असं भरल्यावर धड रागावताही येत नाही, आणि रागावता आलं नाही याचा राग मला पुढे मानपाड्यापर्यंत पुरला.

मानपाडा

डोंबिवलीच्या हवेला केमिकलचा एक वास आहे. इथे वाढलेल्या माणसाला तो लागला की घर जवळ आलंसं वाटतं, बाकीच्यांना मळमळतं. वाटेत बाबांची जुनी कंपनी लागली. गेटला कुलूप, भिंतीवर पिंपळ. लहानपणी खंडेनवमीला आम्हा मुलांना आत नेत. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ असे. फोरमन म्हणून पूजेचा मान बाबांचा. ते हळदकुंकू वाहत, अक्षता टाकत, नारळ फोडत आणि त्याचं पाणी ओंजळीने मशीनवर शिंपडत पुढच्या मशीनकडे जात. पेढ्याची वाट बघत उभं राहणं हे आमचं काम.

तिथून जवळच शिंदेमामांचं गॅरेज. मूळचे साताऱ्याकडचे, बाबांच्या स्कूटरचे जुने डॉक्टर. मामांनी स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून बराच वेळ ऐकलं. मग उपदेश सुरू झाला.

“पोरी, हे टर्बो-बिर्बो बाईमाणसाला कशाला लागतंय? भाजी आणायला?”

“पुरुषांना कशाला लागतो, मामा?”

“त्यांनाबी नाय लागत,” मामा म्हणाले. तेवढा एक मुद्दा मी मान्य केला.

मामांचा हात सवयीने प्लगकडे गेला. मी तो मध्येच अडवला. “प्लगना हात लावू नका, मामा. नवे आहेत. फट खास मोजून ठेवलीय, तुम्ही तुमच्या हिशेबाने पुन्हा वाढवाल.”

मामांना ते झोंबलं. “मग मला काय आरती करायला बोलावलंस?” म्हणत त्यांनी तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, काढला, धुतला, परत बसवला. तेवढ्यात इंजिनाच्या कडेने चाललेली मुंग्यांची बारीक ओळ त्यांना दिसली. त्यांनी ती फडक्याने झटकली.

“गाडीत लाडू खाती काय गं?”

“मी गाडीत पाणीसुद्धा पीत नाही!” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या गाडीत मी कुणाला वेफर्सचा पुडाही उघडू देत नाही. मुंग्या इथल्या गॅरेजातल्याच असणार, असं मी ठणकावून सांगितलं. मामांनी समोरच्या टपरीवरून भजीपाव मागवले, ते खाल्ले, आणि आम्ही चक्कर मारून आलो. तीच उचकी, त्याच ठिकाणी.

“हे भूत हाय. काढून टाक,” मामा म्हणाले.

घरी जेवायला गेले. बाबांनी आमटी वाढून घेतली आणि विचारलं, “सापडलं?”

“नाही.”

“रविवार,” एवढंच ते म्हणाले. त्या क्षणी मला सगळ्यांचाच राग आला. सर्व्हिस सेंटरवाल्याचा, ग्लेनचा, मामांचा, आणि निमूट आमटी भुरकणाऱ्या या माणसाचा तर सगळ्यात जास्त. बिघाड कुठे आहे हे शोधायची कुणालाच इच्छा नव्हती. मी काहीतरी न विचारता केलं, ते परत जागच्या जागी जावं, एवढीच प्रत्येकाची इच्छा होती.

कल्याण

रविवारी ठाकुर्लीमार्गे पत्रीपूल ओलांडला आणि दुर्गाडीच्या बाजूला मुख्तारभाई नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजात गाडी लावली. मागे खाडीचं मचूळ पाणी, पलीकडे झाडीतून दिसणारा किल्ल्याचा बुरूज. एरवी मी तिथे जाऊन फोटो काढले असते. त्या दिवशी टर्बो उतरवायला आले होते, कशातच लक्ष नव्हतं.

मुख्तारभाईंनी मला बसायला स्टूल दिलं. “ताई, पोरीला सासरी धाडताना पण लोक एवढं तोंड पाडत नाय. जेवून येतो, मग उतरवू आरामात. घाई नाय ना?”

“बिलकूल नाही.”

ते गेले. मी बॉनेट उघडून बघत बसले. आता गाडी पुन्हा साधी होणार, तर निदान लाल कॉइल तरी आठवण म्हणून घरी न्याव्यात, असं मनात आलं. मुख्तारभाईंच्या हत्यारांतून एक पाना उचलला. पहिली कॉइल सुटली. दुसरी सुटली. तिसरी सुटेना. पिळून, हलवून, जोर लावून वर ओढली, तर ती चिकटलेल्या पाकातून सुटावी तशी चर्रकन बाहेर आली.

तिच्या रबरी टोपीवर तपकिरी चिकटा होता आणि त्यात मुंग्या. मेलेल्या, वाळलेल्या, ढीगभर मुंग्या. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं तर प्लगच्या खड्ड्याच्या तळाशी तोच चिकटा, कडेला लालसर डाग आणि त्यात रुतलेला तांदळाचा एक दाणा. हळदीने पिवळा झालेला.

ती अक्षता होती.

तिसरा प्लग काढला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक करपलेली रेघ होती. मग सगळं लख्ख झालं. त्या देखण्या कॉइल कंपनीच्या नव्हेत, त्यांच्या टोप्या जरा सैल बसतात. वर झाकण नाही. वरून काही ओतलं तर सरळ खड्ड्यात. नारळाचं पाणी गोड असतं आणि त्यात क्षारही असतात, म्हणजे मुंग्यांनाही आवडतं आणि विजेलाही. गाडी हळू चालली की ठिणगी प्लगच्या टोकाला नीट पडायची. टर्बोने हवा कोंबली की त्या दाबात तिथे ठिणगी पडणं जड जायचं, आणि वीज प्लगच्या अंगावरून त्या चिकट वाटेने बाहेरच्या बाहेर पळून जायची. आत पेट्रोल तसंच राहायचं. पंप कमी पडत नव्हता, इंजेक्टर तुंबला नव्हता, आणि भूत तर नव्हतंच.

आणि माझ्या ओळखीत ओंजळीने मशीनवर नारळाचं पाणी शिंपडणारा माणूस एकच आहे.

मुख्तारभाई सुपारी चघळत परत आले आणि आत डोकावले. “ताई, टर्बो काढायला आलेल्या की मुंग्यांना जेवण घालायला?”

मला हसू आलं नाही. आम्ही खड्डा साफ केला, टोपी स्पिरिटने पुसली, डिकीतला एक जुना प्लग फट जुळवून बसवला. दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागले. मोकळा पट्टा दिसला तसा पाय दाबला. टर्बोची शीळ चढत गेली आणि गाडी एकसंध, गुळगुळीत, पाठ सीटला चिकटवत सुटली. मी एकटीच जोरात ओरडले. मग गाडी वळवली आणि डोंबिवलीच्या दिशेने रागाने निघाले.

पुन्हा डोंबिवली

दुपारचा चहा चालू होता. मी तो प्लग बाबांच्या कपाशेजारी टेबलावर ठेवला आणि त्याच्याजवळ तो पिवळा दाणा.

“दसऱ्याला बॉनेट उघडलं होतंत?”

बाबांनी चष्मा लावून प्लग हातात फिरवला. करपलेल्या रेघेवरून नख फिरवलं.

“पूजेला झाकण उघडावं लागतं,” ते म्हणाले.

“नारळाचं पाणी ओतलंत? चालू गाडीच्या इंजिनात?”

“ओतलं नाही, शिंपडलं. आणि चालू नव्हती, बंद होती.”

“बाबा, आई होती गाडीत! आम्ही कंटेनरखाली गेलो असतो. आणि तुम्ही माझ्याकडून शब्द घेता? चार गॅरेजांत माझी शोभा झाली. सगळ्या जगाने मला सांगितलं की चूक टर्बोची आहे. तुम्ही पूजा केल्याचं एका शब्दाने बोलला नाहीत!”

“पूजा काय सांगून करायची असते?” बाबांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “आमच्या लेथना कधी काही झालं नाही.”

“लेथला स्पार्क प्लग नसतात!”

आई आतून म्हणाली, “अहो, चुकलं म्हणा की.” बाबा तसं म्हणाले नाहीत. त्यांनी प्लग जपून बशीत ठेवला.

“तू ती घाटात नेतेस,” ते टेबलाकडे बघत म्हणाले. “एकटी. मला झोप लागत नाही त्या दिवशी. काढ म्हटलं तर तू काढणार नाहीस. मग मी दुसरं काय करायचं होतं?”

राग तर शिगोशीग भरलेला होता. इतक्या दिवसांचा, इतक्या गॅरेजांतला, नीट जपून आणलेला राग. तो घेऊन मी तरातरा खाली गेले. अजून काय काय शिंपडून ठेवलंय ते बघायला बॉनेट उघडलं. बाबा चपला सरकवत मागोमाग आले.

वाकून, टर्बोच्या वरच्या पत्र्यावर टॉर्च मारला. मधोमध एक बोटाएवढा डाग होता. उष्णतेने करपून काळपट झालेला, पण कडेला अजून थोडा लाल. इतक्या खाली, इतक्या अडचणीत हात घालायचा म्हणजे बाबांना गुडघ्यावर बसावं लागलं असणार. त्यांचा गुडघा वाकत नाही. देवळातसुद्धा ते उभ्याने नमस्कार करतात.

“याला पण लावलंत?”

“टर्बोला आधी लावलं,” बाबा म्हणाले. “मुख्य मशीन तेच ना.”

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी फडकं हातात घेतलं होतं, ते तसंच राहिलं.

“पुढच्या दसऱ्याला ते काळं झाकण लावून आण,” बाबा पुढे म्हणाले. “मी पूजा सोडणार नाही.”

मी बॉनेट आपटलं. एवढं सगळं होऊन पुन्हा अटी मलाच! काही बोलणार तोवर पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. बाबा वाकत, कण्हत आत बसले होते आणि सीटबेल्टचा खटका कुठे बसतो ते चाचपत होते.

मी स्टिअरिंगवर बसले. “कुठे जायचंय?”

“शीळ रस्त्याला,” ते म्हणाले. “तुझी आई जिथे घाबरली, तिथेच. तिथे दाब.”